जसमायाचं टार

जसमायादिदी शिडीवर चढून दुकानाच्या पाटीवरचा रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होती आणि खाली शिडी मी धरली होती. 'इंडियन होटल' यातलं 'इंडियन' निम्मं गेलं होतं. निळे पापुद्रे माझ्या केसांत पडत होते.

"घट्ट धर," ती वरून म्हणाली. "तुझ्याच देशाचं नाव काढतेय म्हणून सोडून देशील."

"नाही सोडत. पण 'होटल' तरी ठेव."

"होटल कुठे जातंय? जेवणारे बदलले, भूक तीच."

ती ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, पन्नाशीला टेकलेली राई जमातीची बाई. पूर्व नेपाळात लेदुवा नदीच्या खोऱ्यात तिच्या घराच्या माडीवरच्या खोलीत मी वीस महिने राहिले होते. तिच्याशी बोलताना माझं निम्मं हिंदी असायचं, निम्मं मोडकं नेपाळी, आणि अडलं की मराठी शब्द ठोकून द्यायचा. बऱ्याचदा तो चालूनही जायचा.

मी भूगर्भशास्त्रज्ञ. धरण, बोगदा बांधण्याआधी जमिनीला खोल भोकं पाडायची आणि पोटात काय आहे ते बघून सांगायचं, हे माझं काम. लेदुवावर वीजप्रकल्प बांधायचा परवाना भारताला मिळाला होता आणि दिल्लीच्या एका कंपनीने मला तिथे पाठवलं होतं. आम्ही आलो तेव्हा गावापर्यंत जीप येत नव्हती. रस्ता आम्ही केला. मग पाठीवरच्या टोपल्यांतून उतरणारी मोठी वेलची जीपमधून उतरू लागली, बाजारात भुजियाची पाकिटं आली, पोरं हिंदी बोलू लागली. जसमायादिदीने घराचा पुढचा भाग मोकळा करून आमच्या ड्रिलवाल्यांसाठी खानावळ काढली. डाळीत हिंग घालायला ती माझ्याकडून शिकली आणि गुंद्रुकाच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, आंबट रश्शाची चटक मला तिने लावली.

मग काठमांडूत सरकार बदललं. नव्या सरकारची ओढ उत्तरेकडे होती. एका सकाळी रेडिओवर सांगितलं की लेदुवाचा परवाना रद्द झाला, प्रकल्प आता एक चिनी कंपनी बांधणार. दुपारी मला दिल्लीहून निरोप आला. चार दिवसांत सगळं आवरा.

पाटीचा शेवटचा निळा ठिपका गेला तेव्हा दिदीचे यजमान हर्कबहादुर खालच्या वाटेने धापा टाकत वर आले. ते भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी तीन वर्षं देवळालीला होते. मी पहिल्यांदा या घरात शिरले तेव्हा "काय बाई, बरं आहे का?" असं त्यांनी मराठीत विचारलं होतं आणि मला एकदम घरची आठवण येऊन गलबलून आलं होतं. मी त्यांना भिनाजू म्हणायची, म्हणजे मेहुणे.

"खाली उतर," ते दिदीला म्हणाले. "त्यांनी टार मागितलं."

"कुणी?"

"नव्या कंपनीने. गावसभेच्या कचेरीत नकाशा घेऊन बसलेत. तीनशे माणसांची कॉलनी आपल्या टारावर. शाळाही तिथेच बांधून देणार, नवी, पत्र्याच्या जागी सिमेंटची. पंचवीस वर्षांचा करार."

टार म्हणजे नदीच्या वर, डोंगराच्या कुशीत आपोआप झालेली सपाट जमीन. त्या खोऱ्यात सपाट जागा म्हणजे दुर्मीळच. दिदीचं टार गावाखाली होतं, नदीपासून शंभर हात उंच, तिकडची नाचणी म्हणजे कोदो, ते पिकवायचं आणि वर्षभर खायचं एवढं. बायकांच्या नावावर जमीन केली तर सरकारी सवलत मिळते म्हणून भिनाजूंनी ते तिच्या नावावर करून ठेवलं होतं.

दिदी शिडीवरच बसली. "म्हणजे पुसनला कतारहून बोलावता येईल," ती म्हणाली. पुसन हा तिचा एकुलता मुलगा. सहा वर्षं झाली तो तिकडे होता. लग्न ठरवायला म्हणून आला, लग्न करून सतराव्या दिवशी परत गेला.

"बोलावता येईल म्हणजे, बोलावायचाच," भिनाजू हसले. "पेन्शन दिल्लीचं, भाडं बीजिंगचं. माझ्यासारखा राजा कोण आहे सांग."

दिदी शिडीवरून उतरली, हात साडीला पुसले आणि माझ्या केसांतले निळे पापुद्रे एकेक करून काढू लागली. ती काहीतरी गुणगुणत होती. मी मान खाली घालून उभी राहिले. त्या टाराच्या पोटात काय आहे ते तिथे फक्त मला माहीत होतं.

त्या टारावर आम्ही एक बोअर घेतलं होतं. वरती छान काळी माती, खाली डोंगरावरून घसरून आलेला दगडगोट्यांचा ढिगारा, आणि अडतीस मीटरवर निळसर, ओल्या चिकणमातीचा थर, तोही नदीकडे उतरता. म्हणजे ते टार मुळात एका जुन्या दरडीचं अंग होतं. एकदा वरून घसरून येऊन थांबलेलं. साबणाच्या वडीवर फरशी ठेवावी तसं ते त्या थरावर बसलं होतं. टाराच्या कडेची उत्तीसाची झाडंही बुंध्याशी वाकलेली होती. जमीन हळूहळू सरकते तेव्हा झाडं अशी वाकतात आणि पुन्हा सरळ वर वाढतात. म्हणून आम्ही आमच्या आराखड्यात कॉलनी नदीच्या पलीकडच्या काठावर, खडकावर घेतली होती. पण का घेतली हे गावात कुणाला सांगितलं नव्हतं. आमचे अहवाल गोपनीय होते आणि मी त्या कागदावर सही केली होती. शेतीला काही धोका नव्हता. तिथे घर बांधायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे माझ्याही मनाला तोवर काही टोचलं नव्हतं.

मोबाइलला रेंज फक्त वरच्या चौतऱ्याजवळ, वाटसरूंच्या पारापाशी, यायची. दुपारी मी तिथे चढून दिल्लीला वैद्यनाथन साहेबांना फोन लावला. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या आजारपणात त्यांनीच मला हेलिकॉप्टरने काठमांडूला हलवलं होतं.

"ढमढेरे, त्यांच्याकडे त्यांचे भूगर्भशास्त्रज्ञ आहेत," ते म्हणाले.

"सर, त्यांचं ड्रिल यायला सहा महिने लागतील. कॉलनी आधी उभी राहील. तीनशे माणसं आणि शाळा."

"तुम्ही काय सुचवताय?"

"एका बोअरची माहिती देऊ. फक्त एका."

"आपण या खोऱ्यात चार वर्षं घातली. आपल्याला एका बातमीने बाहेर काढलं. आणि आता आपण आपली माहिती त्यांच्या हातात द्यायची? वरच्यांना हे मी कसं सांगू? ज्या दिवशी त्यांचं काम अडेल, त्या दिवशी काठमांडूला आपली आठवण येईल. हे माझं म्हणणं नाही. पण वर असंच बोललं जातंय."

"काम अडणं वेगळं, सर."

"मला कळतं. मी ऐकलं नाही असं समजतो. नमुन्यांच्या पेट्या आणायचा खर्च करू नका, नदीत रिकाम्या करा."

दुसऱ्या दिवशी चिनी कंपनीचे तान साहेब आले. सोबत सृजना शाक्य नावाची काठमांडूची दुभाषी, चीनमध्ये चेंगदूला शिकून आलेली. तान साहेब साठीकडे झुकलेले, बारीक, गुडघे दुखरे. पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवायचे. खानावळीत माझ्या समोरच्या बाकावर ते बसले आणि खिशातून एक दगड काढून पेल्यातल्या पाण्याने धुतला, उन्हात धरला, भिंगातून पाहिला. मी नकळत पुढे वाकले. त्यांनी दगड आणि भिंग दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

"गारनेट," मी त्यातल्या लाल खड्यांकडे बघत म्हटलं.

"गारनेट," ते म्हणाले. तो एकच शब्द आम्हा दोघांचा होता.

मग त्यांनी सृजनाला काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "साहेब विचारताहेत, तुम्ही खालच्या टारावर भोक पाडलं होतं. तिथे टोपी बसवलेला पाइप दिसतो. काय लागलं?"

"त्यांना सांग, मला बोलायची परवानगी नाही."

सृजनाने सांगितलं. तान साहेबांनी मान डोलावली. "ते म्हणतात, तुमच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच उत्तर दिलं असतं."

दिदीने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. डाळीत हिंग होता. त्यांनी वास घेतला, चमकून वर पाहिलं, आणि मग सगळं संपवलं.

मला ते उत्तर दिवसभर डाचत राहिलं. ते सभ्य होतं, आणि आम्ही दोघं सभ्यपणाने तीनशे माणसांना त्या चिकणमातीवर झोपवायला निघालो होतो. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले. दिदी चुलीपुढे कोदोच्या पिठाचा ढिंडो घोटत होती. भिनाजू बाजूला बसून बूट पुसत होते. सकाळी कराराच्या बोलणीसाठी जायचं होतं.

"दिदी, टार देऊ नकोस," मी म्हटलं.

तिचा हात थांबला नाही. मी सगळं सांगितलं. निळी माती, तिचा उतार, वाकलेली झाडं. माझ्या नेपाळीत 'चिकणमाती'ला शब्द नव्हता, म्हणून मी चुलीशेजारची ओली माती बोटावर घेऊन दाखवली. सांगता सांगता मला रडू आलं. का आलं ते नीट सांगता येणार नाही. वीस महिने तिच्या हातचं खाऊन तिच्यापासून मी हे लपवलं होतं, हेच असेल.

दिदीने ढिंडोचं भांडं उतरवलं. "कधी पडेल?"

"सांगता येत नाही. पुढच्या वर्षी, नाहीतर शंभर वर्षांनी."

"शंभर वर्षांनी मी नसेन."

"पण कुणीतरी असेल. वजन पडलं, पाणी मुरलं, रस्त्यासाठी पायथा कापला, तर लवकर."

भिनाजूंनी बूट खाली ठेवला. ते शांतपणेच बोलले. "वीस महिने तू इथे राहिलीस. तेव्हा हे सांगितलं नाहीस. परवाना गेला, आणि आता माती निळी झाली?"

"भिनाजू, मला परवानगी नव्हती."

"आता आहे?"

"आताही नाही."

"मी अठरा वर्षं तुमच्या सैन्यात काढली, बाई. हुकूम कसा येतो ते मला माहीत आहे. कधी हुकूम असा असतो की तो हुकूम आहे हे सांगायचं नाही. दिल्लीने तुला हे सांगायला ठेवलंय. चिन्यांचं काम पहिल्याच दिवशी अडावं म्हणून." ते उठले. "माझा मुलगा वाळवंटात लोखंड बांधतो. त्याला आणायची वेळ आली, तर तू डोंगर पाडायला निघालीस."

ते बाहेर गेले. मी खरं बोलत होते आणि ते दिल्लीच्या फायद्याचंच होतं. त्या खोऱ्यात त्या आठवड्यात कुठलंही वाक्य नुसतं वाक्य राहिलं नव्हतं, प्रत्येक वाक्याला कुठल्यातरी राजधानीचा वास येत होता.

मी दिदीकडे पाहिलं. तिने माझं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि पाठ करून चुलीतली लाकडं मागे ओढली. त्या क्षणानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तान साहेबांना आमच्या शेडमध्ये घेऊन गेले. अहवाल दिला नाही. तो माझा नव्हता. पण पेट्या मला नदीत रिकाम्या करायच्या होत्या, आणि नदीत टाकायच्या वस्तूकडे दोन मिनिटं कुणी पाहिलं तर कुणाचं काय जातं, असं मी स्वतःला समजावलं. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या लांब लाकडी पेट्यांत ओळीने मांडलेल्या होत्या. मी टारावरच्या बोअरची नववी पेटी ओढली आणि झाकण काढलं.

सृजना भाषांतर करायला पुढे झाली. तान साहेबांनी तिला हाताने थांबवलं. ते गुडघ्यावर बसले, निळ्या मातीची चिमूट घेतली, बोटांत चोळली, आणि मग दातांत धरून पाहिली. वाळू असेल तर दात करकरतात. करकरले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. मग काडी घेऊन शेडमधल्या धुळीत डोंगर काढला, नदी काढली, टार काढलं, आणि टाराखालून एक तिरकी रेघ ओढून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातून काडी घेतली आणि ती रेघ जरा अधिक उतरती केली.

ते कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसले. उठताना त्यांना आधार लागला, तो मी दिला.

"ते म्हणतात," सृजना म्हणाली, "मी लिहीन. ऐकतील की नाही ते माझ्या हातात नाही. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"त्यांना धन्यवाद सांग."

"तेही तेच म्हणताहेत."

मी निघाले तेव्हा जीपजवळ निम्मा गाव जमला होता. भिनाजू आले नव्हते. दिदी आली. माझी पिशवी तिने स्वतः उचलून मागे ठेवली, ताडपत्रीची दोरी आवळली, ती ओढून पाहिली. मी "दिदी" म्हणून हाक मारली. तिने ऐकलं. चारचौघांदेखत तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि चढण चढून घरी गेली. पहिल्या वळणापर्यंत मी मागे बघत होते. दुकानाच्या कोऱ्या पाटीवर कुणीतरी लाल रंगाने चिनी अक्षरं काढायला सुरुवात केली होती.

दिल्लीला गेल्यावर मी वैद्यनाथन साहेबांना काय केलं ते सांगून टाकलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मला सांगायची गरज नव्हती." पण सांगितल्यावर त्यांनाही इलाज राहिला नाही. परदेशातली कामं मला बंद झाली. वर्षभराने मी नोकरी सोडली आणि कराडच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवू लागले. लेदुवा सोडल्यावर सहा महिन्यांनी सृजनाचा दोन ओळींचा निरोप आला होता. कॉलनी पलीकडच्या काठावर गेली, शाळा वरच्या चढावर. मी तो कितीदा तरी वाचला. तान साहेबांनी लिहिलं, त्यांच्या वरिष्ठांनी ऐकलं, सुटलं. मात्र दिदीच्या पदरातलं भाडं त्यामुळे गेलं होतं, आणि ते माझ्या बोलण्याने गेलं होतं. तिने पाठ फिरवली ती योग्यच होती असं मी धरून चालले. तिला पत्र लिहायचा धीर मला झाला नाही.

अकरा वर्षांनी काठमांडूला एक परिषद होती. परिषद संपल्यावर मी परतीचं तिकीट चार दिवस पुढे ढकललं.

खोरं ओळखू येत नव्हतं. डांबरी रस्ता, पलीकडच्या काठावर तीन मजली दुकानांची रांग, शिवणयंत्रं, ट्रकचं गॅरेज, चिनी शिकवणीचा वर्ग. धरण उभं होतं, वीजघरही. पण ज्यांनी बांधलं ते उत्तरेचे आणि विजेचं मोठं गिऱ्हाईक दक्षिणेचं. त्या वादात तारा दोन वर्षं रिकाम्या लोंबकळल्या होत्या, असं जीपवाला सांगत होता. आता काठमांडूत पुन्हा वेगळं सरकार होतं आणि पलीकडच्या दोन दुकानांवर हिंदी पाट्या परत आल्या होत्या.

अलीकडचा काठ मात्र होता तसाच. आणि टारही होतं तिथेच. कोदो कापणीला आलेलं, तांबूस.

जसमायादिदी अंगणात सुपाने धान्य वारवत होती. केस पांढरे झाले होते. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, सूप खाली ठेवलं.

"वाळलीस," ती म्हणाली. "कुणी खायला घालत नाही वाटतं."

मी वाकून नमस्कार केला, तर तिने मला धरून ओसरीवर बसवलं. भिनाजू तीन वर्षांपूर्वी गेले होते. पुसन मागच्याच दसऱ्याला कायमचा परत आला होता, कंबर धरून. पलीकडे गॅरेजमध्ये काम करत होता. खानावळ कधीच बंद पडली होती. सगळी वर्दळ पलीकडे गेल्यावर इकडे कोण येणार.

"दिदी, माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. "मी त्या चिनी साहेबांना माती दाखवली. त्यांनी लिहिलं म्हणून कॉलनी गेली."

"त्या म्हाताऱ्याचं कुठे कुणी ऐकलं," दिदी म्हणाली. "महिन्याभरात त्याला परत पाठवला. जायच्या आधी जेवायला आला होता. दुभाषी बाहेर होती. त्याने टाराकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघून अशी मान हलवली." तिने मान नकारार्थी हलवून दाखवली. "मग दुसरे साहेब आले. करार घेऊन. त्यांना टारच हवं होतं."

"मग?"

"मी सही केली नाही."

"तू?" मी विचारलं.

"रोज यायचे. गावसभेचे लोक यायचे, मास्तर यायचे. नव्या शाळेच्या आड येते म्हणून बायका पाणवठ्यावर माझ्याशी बोलायच्या नाहीत. हे तर एक अख्खा हिवाळा माझ्याशी बोलले नाहीत. वेगळं ताट घेऊन बसायचे. मी एवढंच म्हणायची, जमीन माझी आहे, मला नाही द्यायची. शेवटी कंटाळले आणि पलीकडे गेले."

"पण तू माझ्याशी बोलली नाहीस. जीपपाशी पाठ फिरवलीस."

"सगळ्यांसमोर फिरवली ना?"

"हो."

"बोलले असते तर सगळे म्हणाले असते, इंडियनने शिकवून ठेवलं. दिल्लीचं ऐकते. मग माझ्या 'नाही'ला काय किंमत होती? मला वेडी म्हणाले, हट्टी म्हणाले, पण दिल्लीची कुणी म्हणालं नाही. माझं 'नाही' माझंच राहिलं." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "चढण चढून घरी आले आणि तुझ्या खोलीत जाऊन बसले होते. तुझी जीप पुलावरून जाईपर्यंत."

खाली टारावर ऊन पडलं होतं. अकरा वर्षं झाली होती.

"दिदी," मी म्हटलं, "ते अजून पडलं नाही."

"नाही पडलं."

"कदाचित पडणारही नाही. मी चुकले असेन. पुसन दहा वर्षं आधी आला असता. भिनाजूंना तो..."

"लोक म्हणतात तसं. अधूनमधून हेही म्हणायचे. शेवटच्या आजारपणात खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, बघ, उभंय तुझं टार." ती थोडं हसली. "मी म्हणायची, उभं आहे तर बरंच आहे की. पडावं असं का कुणाला वाटतं? पडून मला खरं ठरवायची त्याला काय गरज?"

तिने कोपऱ्यातले दोन विळे उचलले आणि एक माझ्या हातात दिला.

"आता आलीच आहेस तर चल. पुसनच्या कंबरेला वाकवत नाही, आणि पीक फार दिवस थांबत नाही."

आम्ही उतरलो. टाराच्या कडेशी मी थांबले. उत्तीसाच्या झाडांकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, आणि मग एकेक पाऊल जपून टाकत आत गेले. दिदी पुढे जाऊन कापायलाही लागली होती. माझी चाल बघून तिने विळा थांबवला.

"सावकाश ये," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत आपल्याला धरेल ते."

मी तिच्या शेजारची ओळ धरली.